कोणी पाहिलं? ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

गेल्या महिन्यात माझं तिसरं प्रकरण गाईड मॅडमकडून परत आलं. बावीस पानांवर फार खुणा नव्हत्या. एका वाक्याभोवती मात्र पेन्सिलीचं गोल होतं आणि समासात दोनच शब्द होते: “कोणी पाहिलं?”

वाक्य असं होतं: “मुस्लिम प्रेक्षकांनी हा चित्रपट नाकारला.” चित्रपट म्हणजे ड्रीमवर्क्सचा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’, १९९८. पुरावा म्हणून मी मलेशिया आणि मालदीवमधली बंदी दिली होती. मॅडमचा प्रश्न लक्षात यायला मला पूर्ण दिवस लागला. बंदी आली म्हणजे तिथल्या लोकांनी चित्रपट थिएटरात पाहिलाच नाही. मग मी ‘प्रेक्षकांनी नाकारला’ कशाच्या जोरावर लिहिलं?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असतील, काहींचा सिनॉप्सिस आरआरसीसमोर जायचा असेल. विषयाच्या नावात ‘प्रेक्षकांचा प्रतिसाद’, ‘वाचकांचा प्रतिसाद’ असे शब्द फार सहज येतात. माझ्याही आले. त्यामुळे आजचा लेख थोडा माझ्या चुकीबद्दल आहे आणि बराचसा या चित्रपटाबद्दल, कारण चूक समजली ती चित्रपट पुन्हा नीट पाहिल्यावर.

चित्रपट थोडक्यात

जेफ्री कॅट्झनबर्ग १९९४ मध्ये डिस्नेतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफन यांच्यासोबत त्यांनी ड्रीमवर्क्स काढलं. हाताने रेखाटलेला मोठा संगीतपट करायचा, पण बोलणारे प्राणी आणि परीकथा नको, या जिद्दीतून हा चित्रपट आला. ब्रेंडा चॅपमन, स्टीव्ह हिकनर आणि सायमन वेल्स असे तीन दिग्दर्शक, गाणी स्टीफन श्वार्ट्झ यांची, पार्श्वसंगीत हान्स झिमर यांचं. कथा बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकातली आहे. गुलाम इब्री लोकांचं एक मूल टोपलीतून नदीत सोडलं जातं, राजवाड्यात वाढतं, मोठेपणी त्याला आपलं मूळ कळतं आणि पुढे तोच मोशे आपल्या लोकांना मिसरमधून बाहेर काढतो.

ही एक गोष्ट तीन धर्मांची आहे. ज्यूंचा वल्हांडण सण तिच्यावर उभा आहे. ख्रिस्ती लोकांच्या ‘जुन्या करारा’त ती आहे. आणि कुराणात नावाने सर्वांत जास्त वेळा उल्लेख आलेला पैगंबर मूसाच आहे. निर्मात्यांना याची जाणीव होती. त्यांनी तिन्ही धर्मांच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि चित्रपटाच्या सुरुवातीला एक निवेदनही टाकलं. आम्ही कलात्मक मोकळीक घेतली आहे, पण कोट्यवधींच्या श्रद्धेचा पाया असलेल्या या कथेच्या गाभ्याशी प्रामाणिक आहोत, असा त्याचा आशय. म्हणजे पहिलं चित्र दिसण्याआधीच चित्रपट प्रेक्षकाशी बोलायला लागतो, जरा घाबरतच.

प्रेक्षक समजून आपण भलतंच मोजतो

माझ्या प्रकरणात ‘प्रतिक्रिया’ म्हणून तीन गोष्टी होत्या. तिन्ही तपासून पाहू.

पहिली, गल्ला. अमेरिका आणि कॅनडात सुमारे १०.१ कोटी डॉलर, जगभरात मिळून सुमारे २१.८ कोटी. मी लिहिलं होतं, “प्रतिसाद मध्यम.” कशाच्या तुलनेत? डिस्नेच्या ‘द लायन किंग’ने १९९४ साली एकट्या अमेरिकेत ३० कोटींच्या वर कमावले होते, त्या तुलनेत. पण याच आकड्यांत दुसरी गोष्ट दडलेली आहे. पहिल्या शनिवार-रविवारची कमाई साधारण दीड कोटीच्या आत होती आणि शेवटचा आकडा त्याच्या जवळजवळ सातपट झाला. चित्रपट हळू सुरू झाला आणि टिकला. याचा अर्थ लोकांनी एकमेकांना सांगितलं असा होऊ शकतो. नाताळच्या सुट्ट्या होत्या एवढाच होऊ शकतो. दोन्ही खरं असू शकतं. तिकीट म्हणजे माणूस आत गेला याचा पुरावा. आत त्याचं काय झालं, याचा नाही.

दुसरी, बंदी. तिच्याबद्दल वर सांगितलंच. बंदी ही सेन्सॉर मंडळाची आणि त्यामागच्या धर्मविचाराची प्रतिक्रिया आहे. पैगंबराचं चित्र काढू नये ही भूमिका अनेक मुस्लिम धर्मपंडितांची आहे आणि ती या चित्रपटाच्या कितीतरी आधीची आहे. तिचा अभ्यास जरूर व्हावा, पण ‘संस्थेचा प्रतिसाद’ या नावाखाली. गंमत बघा. बायबलमध्ये नदीतलं मूल फारोच्या मुलीला सापडतं. कुराणात त्याला आसरा देते ती फारोची बायको. चित्रपटात ते राणीला सापडतं. हे मुद्दाम केलंय की गोष्ट आटोपशीर व्हावी म्हणून झालंय, ते सोडा. पण मूसाची गोष्ट कुराणातून ऐकत वाढलेल्या मुलीला हा प्रसंग ओळखीचा वाटेल आणि रविवारच्या शाळेत शिकलेल्या मुलाला खटकेल, ही शक्यता माझ्या तक्त्यात कुठेच बसत नव्हती. मी त्या मुलीला आधीच ‘नाकारणाऱ्यां’च्या रकान्यात टाकून मोकळी झाले होते.

तिसरी, आठवणी. आज हा चित्रपट लहानपणी पाहिलेले लोक त्याबद्दल भरभरून बोलतात. पण ती १९९८ ची प्रतिक्रिया नाही. आजच्या माणसाला आपल्या बालपणाबद्दल काय वाटतं, ते त्यात येतं. मी दोन्ही एकाच परिच्छेदात घातलं होतं, जणू वीस-पंचवीस वर्षं मधे गेलीच नाहीत.

काही सेकंदांची हिब्रू ओळ

आता चित्रपटाकडे येऊ. ‘व्हेन यू बिलीव्ह’ हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं. त्याला ऑस्कर मिळालं. व्हिटनी ह्यूस्टन आणि मरायह कॅरी यांनी गायलेली त्याची वेगळी आवृत्तीही लोकप्रिय झाली. गाण्याचा आशय असा की श्रद्धा असेल तर चमत्कार घडतात. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो मीही माझ्या प्रकरणात घेतला होता: मूळ कथेत सुटका देव करतो, इथे श्रेय माणसाच्या श्रद्धेला जातं. म्हणजे धर्मकथेचं ‘स्वतःवर विश्वास ठेवा’छाप भाषण झालं.

पण चित्रपटातल्या गाण्यात मधेच मुलं हिब्रूत गायला लागतात. ते शब्द निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातले आहेत, समुद्र ओलांडल्यावर इस्राएल लोक जे स्तुतिगीत गातात त्यातले. ठाण्याला माझ्या ओळखीच्या एक बेने इस्राएली काकू आहेत. त्यांना मी हा प्रसंग दाखवला. चित्रपटभर त्या शांत बसल्या होत्या. मुलं गायला लागली तशा त्याही पुटपुटायला लागल्या. मग मला म्हणाल्या, “अगं, हे तर आमच्या रोजच्या प्रार्थनेतलं आहे. देवासारखा कोण आहे, असं विचारलंय त्यात.”

मला तोवर ती ‘गोड आवाजातली परदेशी ओळ’ एवढीच वाटत होती. म्हणजे बघा, एकाच गाण्याचे दोन प्रेक्षक आहेत. ज्याला फक्त इंग्रजी कळतं त्याला श्रद्धेचं गाणं मिळतं. ज्याच्या कानात ती प्रार्थना आहे त्याला देवाचं गाणं मिळतं, श्रेय जिथल्या तिथे. रेडिओवर वाजणाऱ्या आवृत्तीत हिब्रू भाग नाही, त्यामुळे ज्याने फक्त ती ऐकली त्याचा अनुभव आणखी तिसराच. माझा आक्षेप चित्रपटावर नव्हताच. मला जेवढं ऐकू आलं, त्यावर होता.

काकूंनी अजून एक गोष्ट सांगितली, जी मराठीत संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. बायबलमधल्या कथा गाऊन सांगणं आपल्याकडे नवं नाही. बेने इस्राएल समाजात १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनं सुरू झाली, ज्यांत मोशे-योसेफाची आख्यानं कीर्तनाच्या चालीवर सांगत. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत सचित्र हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायचं पुस्तक. त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं आणि त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांमध्ये आली. तेव्हा ‘मराठी प्रेक्षकाला ही कथा परकी’ असं वाक्य लिहिण्याआधी ‘कोणत्या मराठी प्रेक्षकाला?’ हे विचारायला हवं. होय, ते वाक्यही मी लिहिलं होतं.

मोशे रडतो तेव्हा

माझी सगळ्यांत मोठी चूक आता सांगते.

दहावी पीडा म्हणजे मिसरमधल्या पहिल्या मुलांचा मृत्यू. त्याआधीच्या बहुतेक पीडा चित्रपटात एका घणाघाती समूहगीतातून येतात आणि त्यात मोशे आणि रामेसेस एकमेकांसमोर उभे राहून गातात. या प्रसंगाला मात्र गाणं नाही. पांढरं धुकं गल्ल्यांतून सरकतं, एक मुलगा घागर घेऊन दारात शिरतो, घागर फुटल्याचा आवाज येतो आणि फक्त त्याचा हात दिसतो. मग रामेसेस मेलेल्या मुलाला निजवतो, मोशेला जायला सांगतो आणि मोशे बाहेर येऊन भिंतीशी कोसळून रडतो.

निर्गमात मोशे इथे रडत नाही. मी लिहिलं: “हॉलिवूडने आधुनिक प्रेक्षकासाठी मूळ कथेतली कठोरता मऊ केली.” वाक्य ठसठशीत आहे. मला आवडलंही होतं. पण ते चूक आहे.

तल्मुदमध्ये एक प्रसंग आहे. मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत स्तुतिगीत गायला निघतात आणि देव त्यांना थांबवतो: माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाताय? वल्हांडणाच्या रात्री अनेक ज्यू घरांत दहा पीडांची नावं घेताना पेल्यातला एकेक थेंब बाहेर टाकतात. मिसरी लोकांच्या दुःखामुळे आपल्या आनंदाचा पेला तेवढा कमी, असा त्याचा एक प्रचलित अर्थ सांगतात. म्हणजे शत्रूच्या मुलासाठी वाटणारं दुःख कॅलिफोर्नियात जन्मलेलं नाही. ते परंपरेच्या आतच आहे, फक्त मी वाचलेल्या पानावर नव्हतं.

हे कळल्यावर चित्रपटातली एक रचना नव्याने दिसली. निर्गमात स्तुतिगीत येतं ते समुद्र ओलांडल्यावर, सैन्य बुडाल्यानंतर. चित्रपटाने तेच शब्द उचलून मिसरमधून बाहेर पडण्याच्या वेळी ठेवले, म्हणजे कोणी बुडण्याच्या आधी. समुद्र मिटल्यानंतर पात्रं विजयगीत गात नाहीत. लोक एकमेकांना मिठ्या मारतात, आणि दूर खडकावर एकटा उरलेला रामेसेस मोशेचं नाव घेऊन ओरडतो. बुडणाऱ्यांवर गाणं नको, हे देवदूतांना सांगितलेलं चित्रपटाने पाळलं, असंच मला आता वाटतं. याला मी मऊपणा म्हणणार नाही. ही फार विचार करून केलेली निवड आहे आणि माझ्या मते चित्रपटाची सगळ्यांत मोठी ताकद.

हॉस्टेलच्या खोलीत

मग चित्रपटात उणं काहीच नाही? आहे, आणि ते मला दोन मैत्रिणींमुळे दिसलं.

हॉस्टेलवर आम्ही तिघींनी लॅपटॉपवर चित्रपट पाहिला. ‘आवडला का’ असं मी मुद्दाम विचारलं नाही. तमार लीब्स आणि एलिहू काट्झ यांनी ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेवर केलेल्या अभ्यासात (पुस्तक १९९० चं) वेगवेगळ्या समाजांतल्या गटांना आधी भाग दाखवला आणि मग म्हटलं, काय घडलं ते सांगा. कोणी घटना क्रमाने सांगितल्या, कोणी पात्रांच्या मनाबद्दल बोललं, कोणी निर्माते काय पटवू पाहतायत यावर बोट ठेवलं. माणूस गोष्ट पुन्हा सांगतो तेव्हा त्याने काय पाहिलं ते उघड होतं. मीही तेच केलं.

पहिली म्हणाली, “कर्णाची उलटी गोष्ट आहे ही. त्याला राजघराण्यातून नदीत सोडलं आणि सूताघरी वाढला, हा गुलामाघरचा आणि वाढला राजवाड्यात. आणि शेवटी भाऊच समोर.” तिने संपूर्ण चित्रपट दोन भावांची शोकांतिका म्हणून सांगितला. चित्रपटालाही तसंच सांगायचं आहे. बायबलमध्ये फारोला नावही नाही. इथे त्याला नाव आहे, बालपण आहे, रथांची शर्यत आहे आणि ‘साखळीतला कमकुवत दुवा तू ठरू नकोस’ अशी बापाची धास्ती आहे. निर्गमात कधी देव फारोचं मन कठीण करतो, कधी फारो स्वतः. चित्रपटाने देवाचा भाग गाळला. त्यामुळे रामेसेस देवाच्या हातातलं बाहुलं न राहता चुकत जाणारा माणूस झाला. म्हणून तर त्याच्यासाठी वाईट वाटतं.

दुसरी मैत्रीण ज्या घरातली आहे तिथे आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. तिचा आजोबा जलशात ढोलकी वाजवायचा. तिने सांगितलेली गोष्ट अशी: “सुरुवातीला गुलाम गातात. शेवटी गातात. मधे एक तास मालकाच्या घरातल्या दोन पोरांचं काय चाललंय ते आपण बघतो. गुलामांनी स्वतः काय केलं, ते सांग ना.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिर्याम आहे, ती ठामपणे मोशेच्या बाजूने उभी राहते. अहरोनाला मात्र चित्रपटाने कुरकुर करणारा भाऊ करून टाकलंय. निर्गमात फारोसमोर मोशेच्या वतीने बोलणारा तोच आहे. बाकीचे सगळे गर्दी. पहिल्याच गाण्यात विटा वाहणाऱ्या माणसांचा जो आवाज छातीत घुमतो, तो पुढे कथेत कुठे दिसत नाही. दोन भावांची शोकांतिका उभी करण्याची किंमत चित्रपटाने तिथे मोजली आहे. मुक्तीची कथा कुटुंबाची कथा झाली. रामेसेसबद्दल वाटणारी करुणा खरी आहे, पण चित्रपटाने वेळ त्यालाच दिला म्हणूनही ती वाटते.

मैत्रिणीचा प्रश्न एकटीचा नाही. अमेरिकेतल्या गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांनी मोशेची कथा आपली केली होती. लोकांना गुलामीतून पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांना ‘मोशे’ म्हणत. त्यांच्यासाठी कथेचा नायक तो समूह होता. २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात या चित्रपटावर आधारित रंगमंचीय संगीतिकेचा मैफलीसारखा प्रयोग व्हायचा होता. मुख्य भूमिकांत बहुतेक गोरे कलाकार का, यावर टीका झाली आणि प्रयोग रद्द झाला. १९९८ मध्ये प्रश्न होता, पैगंबर दाखवावा का. २०१६ मध्ये झाला, ही गोष्ट कोणाच्या तोंडून सांगावी. आणि आपल्याकडे? जोतीराव फुल्यांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. हा धागा हॉस्टेलच्या खोलीपर्यंत येतो, आणि माझ्या तक्त्यातल्या ‘ज्यू, ख्रिस्ती, मुस्लिम, इतर’ यापैकी कुठल्याच रकान्यात मैत्रीण बसत नाही. ‘इतर’ म्हणून बसवता येईल. पण मग तिचं म्हणणं कुठे राहिलं?

मग करायचं काय

स्टुअर्ट हॉल यांचे तीन पवित्रे तुम्ही नेटसाठी पाठ केले असतील: निर्मात्याला हवा तो अर्थ घेणारा, थोडा घेऊन थोडा सोडणारा, आणि विरोधात वाचणारा. उपयोगी आहेत. पण ते पवित्रे आहेत, माणसांच्या जाती नाहीत. काकू इंग्रजी ओळींबद्दल साशंक होत्या आणि हिब्रू ओळींत पूर्ण बुडाल्या, एकाच गाण्यात. मैत्रीण रामेसेसच्या मुलासाठी रडली आणि अश्रू पुसून झाल्यावर तिने तो प्रश्न विचारला. ती कोणत्या खणात?

आमच्या खोलीतला प्रयोग पुरावा म्हणून माझ्या प्रबंधात येणार नाही. तिघी जणी म्हणजे नमुना नव्हे, आणि दोघी माझ्या मैत्रिणी. काकूंचंही तसंच. पण प्रश्न कुठून विचारायचा, ते मला या तिघींनी शिकवलं.

प्रकरण परत लिहिताना मी आता प्रत्येक प्रतिक्रियेपुढे चार गोष्टी लिहिते: कोणी दिली, पाहून दिली की न पाहता, कधी दिली, आणि नेमक्या कोणत्या प्रसंगाला दिली. शेवटचा रकाना भरताना सगळ्यांत जास्त वेळ जातो, कारण त्यासाठी चित्रपट पुन्हा पाहावा लागतो. प्रेक्षकांचा अभ्यास करायचा म्हणून मी कलाकृती बाजूला ठेवली होती, आणि माझ्या बहुतेक चुका तिथून आल्या. हिब्रू ओळ ऐकली नाही म्हणून काकू दिसल्या नाहीत. गर्दी नीट पाहिली नाही म्हणून मैत्रिणीचा प्रश्न सुचला नाही.

पेन्सिलीचं गोल केलेलं वाक्य मी खोडलं. त्या जागी आता आहे: “मलेशिया आणि मालदीवमध्ये चित्रपटावर बंदी आली, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांनी थिएटरात त्याला कसा प्रतिसाद दिला असता, हे या सामग्रीवरून सांगता येत नाही.” लांबलचक आणि मिळमिळीत वाक्य आहे. मॅडमनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आहे. पुढच्या पानावर मात्र दुसरं गोल आहे. त्याबद्दल पुढच्या वेळी.